फटकळ माणसं आणि मुक्त सॉफ्टवेअर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुक्त सॉफ्टवेअरमध्ये, म्हणजे ज्याचा कोड कुणालाही बघता, बदलता आणि वाटता येतो अशा सॉफ्टवेअरमध्ये, नव्याने काम करू लागलेल्यांचे कोडबद्दलचे प्रश्न लवकर सुटतात. माणसांबद्दलचे प्रश्न मात्र वर्षानुवर्षं तेच राहतात. अमुक एवढा तोडून का बोलतो, तमुकला कुणी आवरत कसं नाही, असल्या वातावरणात आपला निभाव लागेल का? त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. ती तटस्थ नाहीत. ही चळवळ हट्टी माणसांनी उभी केली असं मी मानतो, आणि त्यांच्यातल्याच काहींच्या जिभेने तिची कितीतरी चांगली माणसं घालवली असंही मानतो. हट्ट आणि उर्मटपणा यांची आपण गल्लत केली, आणि ती निस्तरण्यात फार वर्षं गेली.

फटकळ कुणाला म्हणायचं? स्पष्ट बोलणारा प्रत्येक जण त्यात येतो का?

नाही. "हा पॅच चुकीचा आहे, मी घेणार नाही" असं सांगणारा मेंटेनर, म्हणजे प्रकल्पात कुठला कोड घ्यायचा ते ठरवणारा, आपलं काम करतो आहे. (पॅच म्हणजे बदलासाठी पाठवलेला कोडचा तुकडा.) त्याने तसं सांगितलं नाही तर तो कोड उद्या लाखो यंत्रांवर चालणार असतो. "असला पॅच पाठवायला लाज कशी वाटली नाही" असं चारचौघांत लिहिणारा मात्र कोड सोडून माणसावर घसरलेला असतो. या कामातली पत्रं, म्हणजे ईमेल, सार्वजनिक असतात आणि कायमची राहतात, त्यामुळे तो अपमान तुमच्या नावासकट दहा वर्षांनीही शोधला की सापडतो. कचेरीतल्या साहेबाच्या ओरडण्यापेक्षा तो जास्त बोचतो, त्याचं एक कारण हेच.

आणखी एक जात आहे: आवाज न चढवता, शिवी न देता, समोरच्याला वर्षानुवर्षं जेरीस आणणारी. या चळवळीचे जनक रिचर्ड स्टॉलमन यांच्याबद्दलच्या कामकाजाच्या तक्रारी बहुतेक या जातीच्या आहेत.

चळवळीच्या उगमाशीच असा माणूस का?

कारण समंजस माणसाने ते काम हाती घेतलंच नसतं.

१९८० च्या सुमारास झेरॉक्स कंपनीने एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेला नवा लेसर प्रिंटर दिला. जुन्या प्रिंटरच्या प्रोग्रॅममध्ये स्टॉलमन यांनी एक सोय करून ठेवली होती: कागद अडकला की ज्यांची छपाई खोळंबली आहे त्यांच्या पडद्यावर सूचना जायची, आणि कुणीतरी उठून कागद सोडवायचं. नव्या प्रिंटरचा सोर्स कोडच, म्हणजे प्रोग्रॅमचा माणसाला वाचता-बदलता येणारा मजकूरच, मिळेना, त्यामुळे ती सोय करता येईना. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या एका संशोधकाकडे तो कोड होता. स्टॉलमन तिथे गेले असता समोर जाऊन मागितला. गोपनीयतेच्या करारावर सही केली आहे, देता येणार नाही, असं उत्तर मिळालं. दुसरा कुणी हळहळला असता आणि कामाला लागला असता. स्टॉलमन यांच्या लेखी तो सगळ्या सहकाऱ्यांशी झालेला विश्वासघात होता.

पुढे त्याच प्रयोगशाळेतली बरीच मंडळी सिंबॉलिक्स नावाच्या कंपनीत गेली. तेव्हा १९८२ ते १९८३ च्या अखेरीपर्यंत या माणसाने सिंबॉलिक्सने केलेली प्रत्येक सुधारणा एकट्याने पुन्हा लिहून तिच्या प्रतिस्पर्धी एलएमआय कंपनीला पुरवली, केवळ एकाच कंपनीच्या हाती सगळं जाऊ नये म्हणून. २७ सप्टेंबर १९८३ ला त्यांनी ग्नू प्रकल्प जाहीर केला, जानेवारी १९८४ मध्ये एमआयटीची नोकरी सोडली, ४ ऑक्टोबर १९८५ ला फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन स्थापन झालं. एक अख्खी ऑपरेटिंग सिस्टिम शून्यापासून लिहून काढू, आणि ती सगळ्यांना वापरण्याचं, बघण्याचं, बदलण्याचं, वाटण्याचं स्वातंत्र्य देऊ, असं म्हणणारा माणूस तेव्हा विक्षिप्तच वाटणार. तडजोड ज्याच्या रक्तात आहे त्याला हे सुचतही नाही.

त्या हट्टाचा प्रत्यक्ष फायदा दाखवता येईल का?

येईल. १९८० च्या दशकाच्या अखेरीस स्टीव्ह जॉब्स यांच्या नेक्स्ट कंपनीने ऑब्जेक्टिव्ह-सी भाषेसाठी जीसीसी या ग्नूच्या कंपायलरला, म्हणजे लिहिलेल्या कोडचं यंत्राला चालवता येईल असं रूप करणाऱ्या प्रोग्रॅमला, जोडभाग तयार केला. तो बंदिस्तच वाटायचा आणि जीसीसीशी सांधायचं काम गिऱ्हाइकाने आपलं आपण करायचं, अशी पळवाट काढली होती. स्टॉलमन यांनी वकिलाचा सल्ला घेऊन ही पळवाट चालणार नाही असं ठणकावलं. नेक्स्टने माघार घेतली आणि तो भाग जीपीएल या ग्नूच्या परवान्याखाली खुला केला. (बदललेला कोड वाटायचा तर तोही खुलाच ठेवा, असं हा परवाना बजावतो.) एका उगवत्या कंपनीशी जुळवून घ्यावं, संबंध बिघडवू नयेत, असा विचार करणारा माणूस तिथे असता तर जीपीएलचा धाक तेव्हाच संपला असता.

हा धाक पुढे कामाला आला. २००३ साली लिंक्सिसच्या डब्ल्यूआरटी५४जी राउटरमध्ये लिनक्स ही जीपीएलखालची मुक्त सिस्टिम असल्याचं लोकांनी शोधून काढलं, परवान्याप्रमाणे कंपनीला सोर्स कोड द्यावा लागला, आणि त्यातून ओपनडब्ल्यूआरटी ही राउटरसाठीची मुक्त सिस्टिम उभी राहिली.

आणि तोटा?

जीसीसीच्याच गोष्टीत तोही आहे. १९९७ पर्यंत जीसीसीचा विकास इतका मोजक्या हातांत आणि इतका संथ झाला होता की कंटाळलेल्या प्रोग्रॅमरांनी ईजीसीएस नावाचा फोर्क, म्हणजे तोच कोड घेऊन वेगळा प्रकल्प, काढला. दोन वर्षांत तो इतका पुढे गेला की एप्रिल १९९९ मध्ये फाउंडेशनने त्यालाच अधिकृत जीसीसी म्हणून मान्यता दिली. हा त्यातल्या त्यात सुखान्त.

दुसरी गोष्ट जास्त महागात पडली. जीसीसीच्या पोटातली माहिती बाहेरच्या प्रोग्रॅमला मिळू लागली तर कंपन्या तिच्यावर आपले बंदिस्त भाग बसवतील, अशी भीती स्टॉलमन यांना होती. नेक्स्टच्या अनुभवानंतर ती निराधार म्हणता येत नाही. पण त्या भीतीपोटी जीसीसीला प्लगिनची, म्हणजे बाहेरून भाग जोडण्याची, सोय २०१० पर्यंत, म्हणजे ४.५ आवृत्तीपर्यंत, मिळाली नाही. चर्चा झाली की उत्तर ठरलेलं. दरम्यान इलिनॉय विद्यापीठात क्रिस लॅटनर यांनी सुटसुटीत भागांचा एलएलव्हीएम हा कंपायलर उभा केला. २००५ साली लॅटनर यांनी तो जीसीसीत सामील करण्याचा, त्याचे हक्क फाउंडेशनला देण्याचा प्रस्ताव पाठवला. तो स्टॉलमन यांनी पाहिलाच नाही. आपल्याला तेव्हा कळायला हवं होतं, असं त्यांनी दहा वर्षांनी, २०१५ मध्ये, लिहिलं. तोवर लॅटनर ॲपलमध्ये गेले होते. आज स्विफ्ट आणि रस्ट या भाषा एलएलव्हीएमवर उभ्या आहेत, आणि त्याचा परवाना जीपीएलसारखा बांधून ठेवणारा नाही. कोड बंद करून विकायला कंपन्या मोकळ्या आहेत. जे होऊ नये म्हणून प्लगिन अडवले, तेच दुसऱ्या दाराने आत आलं.

एक पत्र नजरचुकीने राहू शकतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. एवढा मोठा प्रस्ताव आणून पुढ्यात ठेवणारं, "हे वाचाच" म्हणणारं कुणी आजूबाजूला कसं नव्हतं, हा माझा प्रश्न आहे. ज्याच्याशी वाद घालून माणसं थकतात, त्याला महत्त्वाची बातमी सांगायलाही फारसं कुणी जात नाही, असं मला वाटतं.

लिनस टॉरवाल्ड्स यांच्या शिव्यांमुळेच लिनक्सचा दर्जा टिकला, हे खरं आहे ना?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, म्हणून जरा तपशिलात जातो. टॉरवाल्ड्स हे लिनक्सच्या कर्नलचे, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचे, जनक.

तारीख २३ डिसेंबर २०१२. कर्नलच्या ३.८ आवृत्तीची चाचणी चालू होती. व्हिडिओ यंत्रणेतल्या एका बदलामुळे कर्नल पूर्वीपेक्षा वेगळा त्रुटिक्रमांक परत करू लागला, आणि आवाज हाताळणाऱ्या पल्सऑडिओसारखे चालते प्रोग्रॅम अडखळले. मीडिया विभागाचे मेंटेनर माउरो कार्व्हालो शेहाब यांनी चूक त्या प्रोग्रॅमची असावी असं सुचवलं. यावर टॉरवाल्ड्स यांनी सगळ्यांदेखत, इंग्रजीतली अश्लील शिवी घालून, मोठ्या (कॅपिटल) अक्षरांत तोंड बंद करायला सांगितलं. पुढे नियम लिहिला: कर्नलमधल्या बदलाने वापरकर्त्याचा प्रोग्रॅम मोडला तर दोष कर्नलचा. प्रोग्रॅमला आम्ही कधीही दोष देत नाही.

नियम सोन्यासारखा आहे. फार जुना प्रोग्रॅम आजच्या कर्नलवर चालतो तो याच्या जोरावर, आणि बँका, टेलिफोन कंपन्या, रुग्णालयं निर्धास्तपणे लिनक्स वापरतात त्यातही याचा मोठा वाटा आहे. शेहाब यांची बाजू तिथे लंगडी होती हेही खरं. पण पत्र पुन्हा वाचा आणि शिव्या गाळा. नियम पूर्णच्या पूर्ण उरतो, एक शब्दही कमी होत नाही. शिव्यांनी त्यात भर काय घातली? ते पत्र लोक आजही कौतुकाने एकमेकांना पाठवतात, आणि ज्याला ते उद्देशून होतं त्याची आठवण कुणाला येत नाही.

दुभत्या गाईच्या लाथा गोड, हे धोरण कर्नलच्या जगाने २५ हून जास्त वर्षं पाळलं. ते आवश्यक होतं की नाही याचा निकाल २०१८ मध्ये लागला. १६ सप्टेंबर २०१८ ला टॉरवाल्ड्स यांनी ४.१९ च्या चौथ्या चाचणी आवृत्तीसोबत माफी मागितली: आपली पत्रं अकारण जहाल होती, लोकांच्या भावना आपल्याला कळत नाहीत, मदत घ्यायला हवी. ते रजेवर गेले. ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी उरलेलं काम सांभाळलं, २२ ऑक्टोबरला ४.१९ प्रसिद्ध झालं, आणि टॉरवाल्ड्स परतले. तेव्हापासून कर्नलची नवी आवृत्ती पूर्वीसारखीच नऊ-दहा आठवड्यांनी येते आहे. नियम तोच आहे. टॉरवाल्ड्स अजूनही कडक आहेत, ऑगस्ट २०२५ मध्ये रिस्क-फाइव्ह या प्रोसेसर-रचनेसाठीचा उशिरा आलेला कोड त्यांनी "कचरा" म्हणून परत पाठवला. पण माणसांवर तुटून पडणं पूर्वीच्या मानाने खूपच कमी झालं, आणि त्यामुळे दर्जा खालावला असं दाखवून देणारं मला तरी कुणी भेटलेलं नाही.

कुणी खरंच सोडून गेलं का, की हे सगळं हळव्या लोकांचं रडगाणं आहे?

यूएसबी ३.० ला अधिकृतपणे चालवणारी पहिली ऑपरेटिंग सिस्टिम लिनक्स ठरली, २००९ साली. तो ड्रायव्हर सेज शार्प यांनी लिहिला, इंटेलमध्ये असताना. जुलै २०१३ मध्ये शार्प यांनी भर चर्चेत टॉरवाल्ड्स यांना सांगितलं की ही दमदाटी थांबवा, शिव्या न देताही काम उत्तम होतं. आपण खोटी सभ्यता दाखवणार नाही, असं उत्तर मिळालं. ऑक्टोबर २०१५ मध्ये शार्प यांनी कर्नलचं काम सोडल्याचं जाहीर केलं. ज्या माणसाच्या कोडमुळे तुमचा पेन ड्राइव्ह वेगात चालतो, त्याला हळवं म्हणून मोडीत काढता येत नाही.

पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेचे जनक खिदो व्हान रॉसम जुलै २०१८ मध्ये नेतृत्वावरून बाजूला झाले, तेही एका छोट्याशा भाषिक सोयीवरून झालेल्या भांडणाने वैतागून. कर्नलमध्ये रस्ट आणणाऱ्या वेडसन आल्मेइदा फिल्यो यांनी ऑगस्ट २०२४ मध्ये काम सोडलं, तांत्रिक नसलेल्या फालतू कटकटींना कंटाळून.

ही नावं ठाऊक असलेल्यांची. २०१७ साली गिटहबने, म्हणजे जिथे असंख्य प्रकल्प आपला कोड ठेवतात त्या संकेतस्थळाने, ५,५०० लोकांची पाहणी केली. त्यांतल्या निम्म्यांनी कुणाशी तरी वाईट वागणूक झालेली पाहिली होती, आणि असा अनुभव आलेल्यांपैकी किंवा तो पाहिलेल्यांपैकी २१ टक्क्यांनी त्यापायी एखाद्या प्रकल्पात योगदान देणं थांबवलं होतं. त्याच पाहणीत स्त्रियांचं प्रमाण जेमतेम ३ टक्के होतं. चर्चा वाचूनच ज्यांनी पहिला पॅच पाठवला नाही, त्यांची मोजदाद कुठल्याच पाहणीत होत नाही.

थिओ द राट यांचं काय? त्यांच्या स्वभावामुळे तर चांगलंच झालं, असं म्हणतात.

त्यांची गोष्ट मला स्वतःला सगळ्यात गुंतागुंतीची वाटते. नेटबीएसडी या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमच्या संस्थापकांपैकी ते एक. सहकाऱ्यांशी आणि वापरकर्त्यांशी उद्धट वागतात या कारणावरून डिसेंबर १९९४ मध्ये त्यांना मुख्य गटातून बाहेर काढलं, आणि सोर्स कोडच्या साठ्यात थेट बदल करण्याचा हक्कही गेला. १९९५ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी कॅनडातल्या कॅल्गरीतून ओपनबीएसडी ही वेगळी ऑपरेटिंग सिस्टिम सुरू केली. आपल्याला दार बंद झाल्याची सल अशी की नव्या प्रकल्पात त्यांनी कोडचा साठा पहिल्यापासून सगळ्या जगाला वाचण्यासाठी खुला ठेवला. तेव्हा असं कुणी करत नव्हतं. आज बहुतेक प्रकल्प तेच करतात.

१९९९ मध्ये त्याच गटाने ओपनएसएसएच आणलं. दूरच्या सर्व्हरवर सुरक्षितपणे काम करायला आज जवळपास सगळं जग तेच वापरतं, मुंबईच्या डेटा सेंटरमधला प्रशासकसुद्धा. कोडची ओळ न् ओळ संशयाने तपासण्याची शिस्त त्यांनी रुजवली, आणि संशयी, कुणाचीही भीड न ठेवणाऱ्या माणसालाच ती जमते असं वाटणं साहजिक आहे. २००४ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने त्यांचा गौरव केला, तो योग्यच होता.

त्यांनी दिलेली किंमतही मोठी आहे. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या दार्पा या संशोधन संस्थेकडून सुमारे २० लाख डॉलरचं अनुदान येत होतं. २००३ मध्ये द राट यांनी एका वर्तमानपत्राजवळ इराक युद्धाबद्दल परखड मत मांडलं आणि एप्रिलमध्ये ते अनुदान थांबलं. इथे मी त्यांच्या बाजूने आहे. युद्धाबद्दल खरं बोलणं आणि नवख्याला मूर्ख म्हणणं या एकाच स्वभावाच्या दोन बाजू असतीलही, पण पहिलीचं कौतुक करताना दुसरी पोटात घालायची सक्ती आपल्यावर नाही.

भांडण झालं की फोर्क करायचा, मग अडचण काय?

फोर्कचा हक्क हे या चळवळीने स्वतःसाठी करून ठेवलेलं सर्वांत मोठं संरक्षण आहे. मेंटेनर कितीही आडमुठा असो, कोड त्याच्या मालकीचा राहत नाही. २००६ मध्ये योर्ग शिलिंग यांच्या सीडी लिहिण्याच्या प्रोग्रॅमच्या परवान्यावरून वाद विकोपाला गेला तेव्हा तयार लिनक्स बांधून देणाऱ्या डेबियन प्रकल्पाने सीडीआरकिट हा फोर्क काढला.

पण फोर्क फुकट पडत नाही. ग्लिबसी ही लायब्ररी, म्हणजे प्रोग्रॅमांना लागणाऱ्या तयार कोडचा संच, घ्या. लिनक्सवरचा जवळजवळ प्रत्येक प्रोग्रॅम तिच्यावर चालतो. उलरिक ड्रेपर यांनी ती वर्षानुवर्षं जवळपास एकहाती वाढवली. त्यांची बुद्धी आणि मेहनत वादातीत. दोषाची नोंद करणाऱ्याला ते ज्या तऱ्हेने झिडकारत तीही प्रसिद्ध होती. २००१ मध्ये त्यांनी एका आवृत्तीच्या अधिकृत घोषणेतच स्टॉलमन यांच्यावर आगपाखड केली होती, म्हणजे दोन टोकदार माणसं एकमेकांवर आदळली होती. शेवटी २००९ मध्ये डेबियनने ईग्लिबसी या पर्यायी आवृत्तीची वाट धरली. पाच वर्षं तेच दोष दोन ठिकाणी दुरुस्त होत राहिले. ड्रेपर बाजूला झाले, मार्च २०१२ मध्ये ग्लिबसीची सुकाणू समिती विसर्जित होऊन कारभार योगदान देणाऱ्यांच्या सहमतीवर आला, आणि २०१४ मध्ये डेबियन परत आलं.

पुढे काय झालं ते आपल्या जवळचं आहे. दार उघडल्यानंतरच्या वर्षांत ज्या नव्या लोकांनी ग्लिबसी सांभाळली, त्यांत पुण्यात रेड हॅट या लिनक्स कंपनीत काम केलेले सिद्धेश पोयरेकर आहेत. तिच्या काही आवृत्त्या प्रसिद्ध करण्याची जबाबदारीही त्यांनी पार पाडली.

आचारसंहितेने काही फरक पडतो का?

पडतो, पण कागदाने नाही, अंमलबजावणीने. कर्नलकडे २०१५ पासून एक छोटं निवेदन होतं. तुमच्या कोडवर टीका होणारच, त्रास झाला तर सांगा, इतकाच त्याचा आशय. त्याने कुणाचंच वागणं बदललं नाही. २०१८ मध्ये त्याच्या जागी कंट्रिब्युटर कॉव्हेनंट या अनेक प्रकल्पांत वापरल्या जाणाऱ्या नमुन्यावर बेतलेली आचारसंहिता आली तेव्हा आता प्रोग्रॅमर घाऊक निघून जातील, आपला कोड मागे घेतील, अशी आवई उठली होती. तसं काही घडलं नाही.

तिचा खरा कस नोव्हेंबर २०२४ मध्ये लागला. बीकॅशएफएस ही फाइल सिस्टिम (डिस्कवर फाइली कशा ठेवायच्या ते पाहणारा भाग) लिहिणारे केंट ओव्हरस्ट्रीट यांनी एका सहकाऱ्याला अपमानकारक पत्र लिहिलं, आणि आचारसंहिता समितीच्या शिफारशीवरून कर्नलच्या ६.१३ आवृत्तीच्या फेरीत त्यांचा कोड स्वीकारला गेला नाही. कामाची गुणवत्ता मोठी असली तरी वागण्याचा हिशेब वेगळा होईल, हे कर्नलने पहिल्यांदा कृतीतून सांगितलं. त्यानंतरही खटके उडत राहिले, त्यांतले बरेच कोड कधी आणि कसा पाठवायचा यावरून होते. २०२५ मध्ये बीकॅशएफएस कर्नलबाहेर गेली. तिच्या वापरकर्त्यांना याचा त्रास झाला आणि मला त्यांच्याबद्दल वाईट वाटतं. तरी निर्णय चुकला असं मी म्हणणार नाही.

फटकळपणा फक्त मोठ्यांचा असतो का? वापरकर्त्यांचं काय?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात, आणि तो विचारायलाच हवा.

एक्सझेड हे फाइली आवळण्याचं साधन फिनलंडमधले लासे कोलिन एकटे, विनामोबदला सांभाळत. २०२२ मध्ये काही अनोळखी नावं त्यांच्यामागे लागली: पॅच पडून आहेत, तुम्हाला रस उरलेला नाही, दुसऱ्याला मेंटेनर करा. कोलिन यांनी सौम्यपणे लिहिलं की रस संपलेला नाही, पण दीर्घकाळच्या मानसिक त्रासामुळे मर्यादा आहेत, आणि हा बिनपगारी छंदाचा प्रकल्प आहे हे लक्षात ठेवा. तरी टोचणी थांबली नाही. जिया टॅन या नावाने कुणीतरी मदतीला तत्पर होतंच. हळूहळू त्याच्या हाती अधिकार गेले, आणि त्याने एक्सझेडमध्ये चोरदरवाजा बसवला, ओपनएसएसएचमार्गे सर्व्हरवर शिरण्यासाठी. २९ मार्च २०२४ ला आंद्रेस फ्रॉइंड यांनी तो उघडकीला आणला. लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त का लागतो, याचा पिच्छा पुरवताना त्यांना तो सापडला.

ती टोचणारी नावं याच कटाचा भाग होती असं अभ्यासकांचं मत आहे. विचार करा, त्यांना वेगळं काही करावं लागलं नाही. आपल्याकडे वापरकर्ते मेंटेनरशी एरवीही ज्या भाषेत बोलतात, तीच त्यांनी वापरली, म्हणून कुणाला संशय आला नाही.

स्टॉलमन यांना २०१९ मध्ये जावं लागलं आणि २०२१ मध्ये ते परतले. यात तुम्ही कुठल्या बाजूला?

सप्टेंबर २०१९ मध्ये जेफ्री एपस्टाइनच्या लैंगिक शोषण प्रकरणी, एमआयटीतले दिवंगत प्राध्यापक मार्विन मिन्स्की यांची बाजू मांडताना स्टॉलमन यांनी एमआयटीतल्या सहकाऱ्यांना लिहिलेली पत्रं बाहेर आली. एका पीडित मुलीबद्दल शब्दांचा कीस काढणारी ती पत्रं वाचून लोक संतापले. त्यांच्या वागण्याबद्दल स्त्रियांच्या जुन्या तक्रारीही पुन्हा उघड बोलल्या जाऊ लागल्या. १६ सप्टेंबरला त्यांनी एमआयटीतली जागा आणि फाउंडेशनचं अध्यक्षपद सोडलं. २१ मार्च २०२१ ला, फाउंडेशनच्याच परिषदेत, आपण संचालक मंडळावर परतल्याचं त्यांनी स्वतःच सांगून टाकलं. विरोधाच्या पत्रावर ३,००० हून अधिक सह्या झाल्या, पाठिंब्याच्या पत्रावर त्याहून जास्त. रेड हॅटने निधी थांबवला. आपल्याला सामाजिक खाणाखुणा कळत नाहीत, असं स्टॉलमन यांनी एप्रिलमध्ये लिहिलं. जूनमध्ये जीसीसीने कॉपीराइट फाउंडेशनच्या नावे करण्याची अट काढून टाकली, ऑगस्टमध्ये ग्लिबसीने.

माझं मत असं: जीपीएल ही त्या माणसाची जगाला मिळालेली देणगी आहे आणि मी तिचा ऋणी आहे. ती देणगी सांभाळण्यासाठी त्यांचं मंडळावर असणं गरजेचं नव्हतं. परवाना कागदावर आहे, न्यायालयांनी तो मानला आहे, त्याला संस्थापकाच्या उपस्थितीची गरज नाही. परतीची पद्धत तर अजिबात पटणारी नव्हती. पारदर्शकतेसाठी जन्मभर भांडलेल्या संस्थेने एवढा निर्णय आपल्या सभासदांना अगोदर कळवू नये, याचं मला आजही दुःख होतं.

मी मराठी माध्यमातून शिकले आहे. या लोकांसमोर इंग्रजीत लिहायचीच भीती वाटते. कसं जमायचं?

भीती खरी आहे. इंग्रजी जन्मापासून बोलणाऱ्याला एखादा टोमणा थट्टेतला की गंभीर ते लगेच कळतं, आपल्याला ते पत्र रात्रभर छळतं. शिवाय आपण वयाला आणि अधिकाराला मान देत वाढलो. मोठ्या मेंटेनरने झापलं की चूक आपलीच, असं मन लगेच कबूल करून टाकतं. आपल्याकडून जाणाऱ्या पत्रांची सुरुवात "आदरणीय सर" अशी होते आणि शेवट माफीने होतो. तसं करू नका. नाव घेऊन हाक मारा, अडचण तीन ओळींत मांडा, तुम्ही काय करून पाहिलं ते लिहा, आणि पॅच का हवा ते सांगा.

पहिला प्रकल्प निवडताना कोड बघण्याआधी चर्चा वाचा. नवख्याच्या चुकीच्या पॅचला तिथे काय उत्तर मिळतं, ते चार-पाच ठिकाणी पाहा. नकार दिलेला असेल आणि कारणही दिलेलं असेल, तर जागा चांगली आहे. अपमान झालाच तर उत्तर त्या दिवशी देऊ नका. दुसऱ्या दिवशी फक्त तांत्रिक भागाचं उत्तर द्या, आणि आचारसंहितेत दिलेल्या पत्त्यावर घडलेलं कळवा. तक्रार करणं म्हणजे चहाडी नव्हे. आणि हे एकट्याने सोसू नका. पुण्या-मुंबईत मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांचे गट आहेत, तिथे पत्र दाखवून "हे असं बोलणं नेहमीचं आहे का?" असं विचारता येतं.

आमच्या प्रकल्पात एक अतिशय हुशार, पण तोंडाळ माणूस आहे. त्याला ठेवावं की काढावं?

आधी त्याच्याशी एकांतात बोला, नेमकं पत्र पुढे ठेवून. टॉरवाल्ड्स वयाच्या ४८ व्या वर्षी बदलले, म्हणजे माणूस बदलू शकतो. बदलला नाही तर गेल्या दोन वर्षांत एकेकच पॅच पाठवून गायब झालेल्यांची यादी काढा आणि त्यांतल्या काहींना विचारा. मात्र काहीही ठरवण्याआधी प्रकल्पाच्या किल्ल्या, म्हणजे सर्व्हरचे पासवर्ड, डोमेन, आवृत्ती प्रसिद्ध करण्याची सही, निदान दोघांकडे आहेत ना हे बघा. त्या एकट्या त्याच्याच हातात असतील तर आधी तेवढं बदला, मग बोला.